पायडल अलीकडं घे

माझ्या पोराला, विलासला, वापरलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय न्हाई. लहानपणी नव्हती आन् आता चाळिशी ओलांडली तरी न्हाई. आंघोळ करून आला की बादली मोरीच्या दारात. चष्मा पुसलेलं फडकं माझ्या उशीवर. नळाचा पाइप लिंबाच्या आळ्यात सोडतो आन् तिथंच विसरतो, मग आम्ही बायकांनी तो चिखलातून ओढून आणायचा. माजलगावच्या हायस्कुलात गणित शिकवतो. वहीत एक आकडा सरकून लिहिला तर पोरांना बाकावर उभं करतो म्हणतेत. घरात मात्र सगळं ह्याच्या अंगाला बसवून घ्यायचं आन् उठला की तसंच टाकून जायचं.

गाडीचं बी तेच. रविवारी गाडी नेतो. आरसा स्वतःच्या डोळ्याला, शीट स्वतःच्या पाठीला आन् पायडल स्वतःच्या पायाला लावतो, परत आला की दार आदळतो आन् घरात. सोमवारी सकाळी सुनेनं बसायचं आन् सगळं पहिल्यापासून मांडायचं. मी हे वर्षभर बघत आलेय आन् वर्षभर बोलत आलेय. म्हणून त्या शुक्रवारी गाडी हौदावर जाऊन आदळली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं नाव कुणाचं निघालं ते सांगायला नको.

आधी आमच्या घरातल्या उंचीचं सांगते, न्हाईतर पायडलाचं कळायचं न्हाई.

मी छबुबाई. दिंद्रुडात मला सगळे मशीनवाली छबुबाई म्हणतेत. नवरा लवकर गेला. मग तीस वर्षं पायमशीन मारली, गावातल्या चार पिढ्यांची झंपरं शिवली आन् त्याच्यावर पोरगा मास्तर केला. उभी राहिले की दाराच्या वरच्या कडीला माझा हात लागतो. विलास बापावर गेलाय, तो तर दारातून वाकूनच येतो. आन् सून वनिता माझ्या खांद्याच्या खाली. चार फूट सात इंच, ते बी चप्पल घालून. लग्नात मी मोठ्यानं म्हणलं होतं, "पोरगी उभी हाय का बसलेली हाय?" सगळा मांडव हसला होता. ती बी हसली होती, मान खाली घालून. मला तेव्हा वाटलं होतं, लई भारी बोलले.

वनिता आरोग्य सेविका हाय. पलीकडच्या गावात उपकेंद्र, तिथं लसीकरण, बाळंतपणं, तपासण्या. बस कधी येती कधी न्हाई, म्हणून तिनं जुनी गाडी घेतली. गिअर बदलायचे नसतेत तसली, खाली दोनच पायडलं. एक ब्रेकचं, एक रेसचं. आता पायडल म्हणजे मला नवीन न्हाई, माझं आयुष्य पायडलावर गेलंय. पण हिचा पाय काही तिथपर्यंत पुरंना. मग शीट पार पुढं ओढायची, पाठीमागं लोड लावायचा आन् स्टेरिंगला छाती टेकवून बसायची. लांबून बघितलं तर गाडी रिकामीच पळायलीय असं वाटायचं.

माजलगावचा आदिनाथ मिस्तरी गाडीचं काम करायला आला आन् तिला तसं बसलेलं बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"मॅडम, ह्या स्टेरिंगात हवेची पिशवी असती. धडक बसली की डोळा लवायच्या आत फुगती. माणूस लांब बसलेला असला तर वाचतो. असं चिकटून बसलं तर ती पिशवीच छातीवर बसती. वीतभराच्या वर जागा पायजे मधी."

"मग पाय पुरत न्हाईत हो, दादा."

"पाय पुरत न्हाईत तर पायडल आणू की पायापाशी."

मी वट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते, माझा हात थांबला. माझ्या उभ्या आयुष्यात वस्तू जिथली तिथं राहायची आन् माणसानं सरकायचं, ओणवायचं, टाचा वर करायच्या. वस्तू उठून माणसापाशी येती हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानं पुण्याहून सामान मागवलं, कागदपत्रं केली आन् दोन दिवसांत बसवलं. मी त्याच्या डोक्यावर उभी राहून सगळं विचारून घेतलं. दोन्ही पायडलांच्या मागं एकेक आटेवाला दांडा. बाजूला मुठीएवढी मोटार. मोटारीतून नळीत घातलेली तार निघती, मोटारसायकलच्या मीटरला जाती तसली. ती ओढायची नसती, गरगर फिरायची असती. तार फिरली की दांडा फिरतो आन् आट्यावरनं पायडल हळूहळू सरकतं, फार न्हाई, चार बोटं. पण चार बोटांत सगळं हाय.

"हा तर चकलीचा सोऱ्या झाला," मी म्हणलं. "वरची मूठ फिरवायची, आटे फिरतेत आन् आतली चकती सरकती."

"बरोबर मावशी. तुमची मूठ, माझी मोटार."

"आन् दोन दांडे कशाला? ब्रेकच तेवढा सरकव की."

"न्हाई. ब्रेक जवळ आला आन् रेस लांबच राहिली, तर ह्याच्यावरून त्याच्यावर पाय टाकताना अडखळायचं. दोन्ही एकाच मोटारीवर, दोन्ही सारखीच चालणार."

"ब्रेक ढिला पडंल मग."

"त्याच्या मागच्या दांडीला मी हात लावलेला न्हाई, तेल बी तेच. नुसती पाय ठेवायची जागा सरकती. आन् अजून एक, पुढचा का मागचा, कुठला बी गिअर टाकला की हे सरकायचं बंद. गाडी चालताना कुणाचं बोट लागून पायाखालचं पायडल पळू नये म्हणून."

मग त्यानं स्टेरिंगखाली एक काळा स्विच लावला. वरच्या बाजूला कागदाच्या पट्टीवर लिहिलं 'पु', खालच्या बाजूला 'मा'. पुढं आन् मागं. जाताना बोनेटला लिंबू-मिरची बांधायला लागला. मी म्हणलं, "ते ने परत, भजी तळायच्या कामाला येतंय. गाडी तुझ्या आट्यावर चालती का लिंबावर?" हसला आन् खिशात घालून घेऊन गेला.

तर असं ते पायडल. वर्षभर एक दिवस कुरकुरलं न्हाई. विलास मात्र कुरकुरला. त्याच्या शाळेतल्या मास्तरांनी त्याला विचारलं म्हणं, "सर, वहिनींच्या गाडीला पाळणा बी बसवलाय का?" ते त्याला लागलं होतं. आन् गेल्या महिन्यात वनिताची बढती आली. उमापूरला. चार-सहा उपकेंद्रं हिच्या हाताखाली, रोज ह्या गावाहून त्या गावाला फिरती. सोमवारी हजर व्हायचं, न्हाईतर नको म्हणून लिहून द्यायचं. उमापूर म्हणजे गेवराई तालुका, तिथली फिरती बसच्या भरवशावर होत न्हाई. गाडी हाय तर बढती हाय. विलास तोंडानं काही बोलला न्हाई, पण रोज जेवताना रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या वाचून दाखवायला लागला.

गुरुवारी दुपारी वनिता कामावरून येऊन आत जरा आडवी झाली होती. गाडी अंगणात उघडीच असती. शेजारची सारजाबाई तिच्या म्हशीच्या वगारीला आमच्या भिंतीलगतच्या हौदावर पाणी पाजायला आली. हौद तिचा, आमच्या अंगणाच्या उताराला. म्हणायला लागली, "छबुबाई, ते पायडल पळतंय म्हणतेत ते खरं का गं? का तुझ्या सुनेनं पैसं वाया घातलं?"

आता असं बोलल्यावर मी गप बसणारी हाय का? दार उघडलं, बाहेरूनच वाकले आन् स्विच दाबला. त्याला चावी लागत न्हाई. गुर्रर्र आवाज आला. सारजाबाई गुडघ्यावर बसून आत डोकावली.

"अगं बया, हाललं की! दोन्ही हाललं!"

"मग? तुझ्या वगारीला एवढी अक्कल हाय का?"

दोन-तीनदा पु-मा, पु-मा करून दाखवलं. मग आठवलं, वनिताला जवळ लागतंय. म्हणून शेवटी 'पु' दाबून अंदाजानं पुढं आणून ठेवलं. बाहेर ऊन, खाली अंधार, आन् माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. दिसत काही नव्हतं. पण मी आपलं जिथलं तिथं केलं म्हणून दार लावलं आन् अर्धी राहिलेली मशेरी लावायला परत बसले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता वनिताला फोन आला. उपकेंद्रावर बाई अडली होती. सून चहा तसाच सोडून पळाली. गाडी सुरू झाली, मागं सरकायला लागली आन् उताराला लागली. थांबंना. मी वट्ट्यावरून बघायले. तिचं तोंड मला काचेतून दिसायलं होतं, एक हात त्या स्विचवर गेलेला. मग तिनं हातब्रेक ओढला, पण तोवर गाडी हौदाला लागली होती. मागचा लाल दिवा फुटला, हौदाचा कोपरा पडला, पाणी रस्त्यावर आलं आन् सारजाबाईची वगार दावं तोडून स्टँडकडं पळाली. दोन हात इकडं असती तर तिथंच चेंगरली असती.

विलास तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

वनिता खाली उतरली. आवाज नीट होता तिचा. "पायडल लांब गेलं होतं. चवडा ब्रेकला टेकत होता म्हणून गाडी सुरू झाली, पण जोर लागंना. जवळ घ्यावं म्हणलं तर मागचा गिअर पडलेला, ते सरकंना. चूक माझी हाय, बसल्या बसल्या बघायला पायजे होतं."

"तुझी कशाची चूक?" मी ओरडले. "ह्याची चूक! हा कधी सरळ ठेवून उतरलाय का?"

"माय, मी रविवारनंतर गाडीत बसलो न्हाई. आज शुक्रवार हाय."

"मग पायडलाला पाय फुटले का?"

"मला काय माहीत! सोमवार ते गुरुवार हीच चालवायली ना? मग रविवारचं मी कसं काय?"

गणिताचा मास्तर, बोलला ते बरोबर होतं. पण माझं तोंड सुटलं होतं. चाळीस वर्षांचं एकेक काढलं, बादलीपासून पाइपापर्यंत. सारजाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. माझ्याकडं बघत होती. सारजाबाई बोलली न्हाई हे मला तेव्हाच खटकायला पायजे होतं.

विलासनं तोंडातला फेस थुंकला आन् गाडीतून चावी काढून खिशात टाकली.

"बस झालं आता. आज हौद हाय, उद्या कुणाचं लेकरू असंल. आदिनाथला बोलावतो, ते सगळं काढून टाकायला लावतो. आन् वनिता, उमापूरला नको म्हणून लिहून दे."

"मी लिहून देणार न्हाई," वनिता म्हणाली.

"मग जाणार कशी?"

"ते मला माहीत न्हाई. पण लिहून देणार न्हाई. आता बाई अडलीय, आधी मला मोटारसायकलवर सोडा."

सोडलं त्यानं. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली.

शनिवारी शाळा सकाळची होती. विलास दुपारी आला तो आदिनाथला घेऊनच. आदिनाथ गाडीखाली गेला, वर आला, पायडल हातानं हालवून बघितलं. "सर, ह्याच्यात काहीच बिघडलेलं न्हाई. काढू कशाला?" आन् त्यानं दाखवायला म्हणून 'पु' दाबला.

आज मी गाडीत, बाजूच्या शीटावर बसले होते. चष्मा होता. पायडल गुरगुरत लांब गेलं.

"उलटं लावलंस का रे?" मी म्हणलं. "पुढं दाबलंस तर लांब कावून गेलं?"

"पुढंच गेलं की मावशी. इंजनाकडं."

"पुढं म्हणजे आपल्याकडं!"

"गाडीचं पुढं म्हणजे बोनेट."

"मी दारात उभी राहून म्हणलं, आदिनाथ, पुढं ये रे, तर तू माझ्याकडं येशील का बोनेटात शिरशील?"

आदिनाथ खळखळून हसला. विलास बी हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा. भिंतीपलीकडून सारजाबाईचा हसल्याचा आवाज आला. मी मात्र हसता हसता थांबले. माझं बोट त्या 'पु'वर गुरुवारी किती वेळ होतं ते मला आठवलं.

"पाणी आणते," म्हणून मी उतरले आन् आत गेले.

स्वयंपाकघरात वनिता भाकरी करायली होती, पाटावर उभी राहून. आमचा ओटा उंच हाय. घर बांधलं तेव्हा मी गवंड्यापुढं उभी राहिले होते आन् म्हणलं होतं, माझ्या कमरेला धर. त्यानं धरला. चौदा वर्षं झाली, ही पाटावर उभी राहती. भाकरी तव्यावर टाकली, खाली उतरली, पायाच्या अंगठ्यानं पाट मोरीकडं ढकलला, वर चढली, परात धुतली, पुन्हा पाट ढकलला. खाली बघावं बी लागत न्हाई तिला. चौदा वर्षं मी हे बघायले आन् मला ते दिसलं न्हाई. मग शेवटची भाकरी झाल्यावर तिनं पाट उचलला, पुसला आन् भिंतीला उभा लावून ठेवला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. रोज असाच लावती.

मी दाराला टेकले. मनात आलं, गप बसलं तर काय होतंय? विलासवर आळ गेलाय, त्याच्या अंगावर असले दहा आळ असतेत, एक अजून. वनितानं चूक स्वतःवर घेतलीय. मी सगळ्यांत वरची, मला कोण विचारणार? फक्त सारजाबाई. तिचं तोंड मी एका झंपराच्या शिलाईत बंद केलं असतं. पण मी गप बसले तर आज संध्याकाळी पायडल निघतंय, सोमवारी बढती जाती, आन् ही पाटावर उभी राहून भाकरी करती ती करतीच.

"वनिता," मी म्हणलं. "पायडल मी हालवलं. गुरुवारी. सारजीला दाखवायला."

तिनं गॅस बंद केला. "मला माहीत हाय, आत्या."

"काय माहीत हाय?"

"स्विचवर मशेरीचं बोट होतं. घरात मशेरी तुम्हीच लावता."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग कालपासून बोलली कावून न्हाईस? तुझी चावी गेली, बढती जायली, आन् तू भाकरी थापत बसलीस?"

"मी म्हणले असते तर भांडण झालं असतं. सासूवर आळ घेतला म्हणून गावभर झालं असतं. आन् तुमच्या मुलानं तरीबी म्हणलं असतं, गाडी नको." तिनं परातीतलं पीठ एका बोटानं गोळा केलं. "तुम्ही म्हणलात तर निकाल लागतो. म्हणून वाट बघायले होते."

"आन् मी बोललेच नसते तर?"

"संध्याकाळपर्यंत बघणार होते," ती म्हणाली. "मग बोललेच असते."

माझ्या खांद्याखालची ही बाई. तिच्यात अंदाजानं काही नव्हतं, सगळं मोजून ठेवलेलं होतं.

"ती पोलिओची पेन हाय का तुझ्याकडं? पोरांच्या बोटाला लावती ती?"

"हाय."

"आन् पांढरी चिकटपट्टी. घे आन् चल बाहेर."

अंगणात विलास आदिनाथला पाना देत होता. सारजाबाई आता भिंतीवरून अर्धी इकडं आली होती. मी वट्ट्यावर उभी राहिले. तीस वर्षं लोकांची मापं घेतली, कधी कुणाला म्हणलं न्हाई की माझं चुकलं. बाही आखूड झाली तरी म्हणायची, तुझा हात वाढलाय.

"पाना खाली ठेव, आदिनाथ. पायडल मी हालवलं होतं. 'पु' म्हणजे जवळ असं समजून लांब लोटून ठेवलं. विलासनं न्हाई, वनितानं न्हाई. मी."

सारजाबाई बोलली. "मी म्हणतच होते, कवा सांगती."

"तू काय म्हणत होतीस गं? गुडघ्यावर बसून बघायला तूच होतीस ना? जवळ आलं का लांब गेलं एवढं बी डोळ्यांना दिसलं न्हाई?"

"मला काय माहीत, पायडलानं कुठं जायचं असतंय ते!"

विलासचं तोंड लाल झालं होतं. "माय, काल तू सगळ्या गल्लीसमोर मला…"

"व्हय. केलं. आज सगळ्या गल्लीसमोर परत घेते."

"मग हेच मी म्हणायलोय! कुणीबी यावं, बोट लावावं आन् पायडल पळावं. असली वस्तू घरात नकोच. काढून टाका म्हणजे सगळ्यांनाच बरं."

"वस्तूनं काय केलं? आटे बरोबर फिरले, मोटार बरोबर चालली. अक्षर चुकलं. आदिनाथ इंजनाकडं तोंड करून बोलला आन् मी माणसाकडं तोंड करून वाचलं. दोघं बी मराठीच बोललो."

गाडीत बसले. ती कागदाची पट्टी नखानं खरवडून काढली. चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले. माझी शाळा तिसरीपर्यंतची, पण 'अ' मला येतो. वरच्या बाजूला 'प' काढला, खालच्या बाजूला 'अ'. 'अ'चं पोट जरा सुटलं, पण वाचता येत होता.

"हे बघा. अलीकडं आन् पलीकडं. अलीकडं म्हणजे बसलेल्या माणसाकडं. गाडीचं तोंड माजलगावकडं असो का केजकडं असो, अलीकडं ते अलीकडंच राहतंय."

आदिनाथ वाकून बघत होता. "मावशी, हे आधी सुचायला पायजे होतं मला."

"तुला आटे सुचतेत, तेवढं बास हाय. वनिता, बस."

वनितानं विलासपुढं हात केला. त्यानं खिशातून चावी काढली, जरा वेळ तळहातावर धरली आन् दिली. मी त्याला बाजूच्या शीटावर बसायला लावलं. गुडघे छातीला टेकले त्याचे, शीट माझ्या मापाचं होतं. सरकवायला गेला तर मी म्हणलं, राहू दे तसंच थोडा वेळ.

वनितानं गाडी सुरू करायच्या आधी 'अ' दाबला. गुर्रर्र झालं आन् थांबलं. मग ब्रेकवर सगळं पाऊल ठेवलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. गुडघा थोडा वाकलेला. स्टेरिंग आन् छाती यांच्या मधी हाताची वीत पसरून बघितली आन् वर अजून चार बोटं जागा हाय हे विलासला दाखवलं. आरसा लावला. मग मागचा गिअर टाकला.

सारजाबाईनं वगार धरून ठेवली होती. गाडी उताराला लागली, हळूहळू मागं गेली. पडलेल्या कोपऱ्यापासून हातभर अंतर राहिलं तेव्हा थांबली. आवाज न करता. तिथंच उभी राहिली, उतारावर, नुसत्या ब्रेकवर. विलासनं दाराच्या वरचा दांडा घट्ट धरला होता. मग एकेक बोट सोडलं.

"आन् माझा हौद?" सारजाबाई म्हणाली.

"सोमवारी गवंडी बोलावते. तुझा हौद नीट करायचा, आन् तोच माझा ओटा बी खाली घेणार हाय, एक वीत."

वनितानं गाडीतून मान वर केली. "आत्या, मग तुमची पाठ वाकंल."

"वाकू दे. मला काही रोज भाकऱ्या थापायच्या न्हाईत."

विलासनं शीट पार मागं सरकवलं आन् तो गाडीतून उतरायला लागला. एक पाय बाहेर टाकला आन् थांबला, मी त्याच्या दारातच उभी होते. माझ्याहून उंच पोरगा खाली बसलेला आन् मी वरून बघत होते, लहानपणी बघायची तशी. खोटं बोलला नव्हता बिचारा. आन् भीती बी खरीच होती त्याची, ते मला त्या दांड्यावरच्या बोटांवरून दिसलं होतं.

मी म्हणलं, "विलास, ह्या येळी तुझ्यावर आळ खोटा गेला, तो मी धुतला. पण आख्ख्या गल्लीला तो खरा वाटला, तो कावून वाटला ते तुझं तू बघ. आता ऐक. चावी हिची. तुला गाडी लागली तर हिला विचारून न्यायची, आन् परत आलास की उतरायच्या आधी ते 'अ' दाबायचं, आवाज थांबंस्तोवर बसून राहायचं, मग दार उघडायचं. सोमवारी ही उमापूरला जाणार, एकटी. तू दारात उभा राहून हात करायचा, आन् जाताना त्या अपघाताच्या बातम्या वाचायच्या न्हाईत. उतर आता, आन् आधी ते शीट जागेवर कर."